देणारा कोण, घेणारा कोण?



वज्रेश्वरीच्या जत्रेत किंवा भिवंडीच्या बाजारात काळसर झाक असलेली कानातली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दुकानदार म्हणतो, "ताई, ऑक्सिडाइज आहे, घ्या." आपणही घरी येऊन जावेला सांगतो, "ऑक्सिडाइजची आणली गं." शब्द तोंडात बसला, पण त्याचा अर्थ काय? मुलीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं तर तिथंही हाच शब्द सापडतो. पुस्तकात त्याला 'ऑक्सिडीकरण' म्हणतात, आणि त्याच्या शेजारी त्याची जोडीदारीण असते, 'क्षपण'. मुलगी परीक्षेपुरतं पाठ करते आणि विसरून जाते.

आज हे दोन शब्द आपण नीट समजून घेऊ या. कारण या दोन गोष्टी तुमच्या विळ्यावर, पायातल्या पैंजणात, विहिरीच्या पाण्यात आणि तुमच्या जेवणाच्या ताटात रोज चालू असतात. काही ठिकाणी त्या समजल्या तर फायदा आहे. एक-दोन ठिकाणी समजल्या नाहीत तर जिवावर बेततं.

सुरुवात आपल्या बचत गटाच्या वहीपासून करू. गटातून एकीनं हजार रुपये कर्ज घेतलं. वहीत काय लिहितो आपण? तिच्या नावे हजार, आणि पेटीतून हजार कमी. एकच बाजू लिहिली तर हिशोब जुळत नाही. कुणी तरी दिलं म्हणूनच कुणी तरी घेतलं. देणारा नसेल तर घेणारा नाही, आणि घेणारा नसेल तर देणंही नाही.

रसायनशास्त्रातही असंच देणं-घेणं चालतं, फक्त तिथं पैसे नसतात, इलेक्ट्रॉन असतात. जगातली प्रत्येक वस्तू अतिशय बारीक कणांची, म्हणजे अणूंची बनलेली आहे. प्रत्येक अणूत आणखी बारीक इलेक्ट्रॉन असतात. दोन पदार्थ एकत्र आले की कधी कधी एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. ज्यानं इलेक्ट्रॉन दिले त्याचं ऑक्सिडीकरण झालं. ज्यानं घेतले त्याचं क्षपण झालं. दोन्ही एकाच वेळी होतात, वहीतल्या दोन बाजूंसारखी. एवढंच लक्षात ठेवा. पुढचं सगळं यातूनच येतं.

आता घरातला विळा घ्या. पावसाळ्यात चार दिवस ओला राहिला की तांबूस होतो. लोखंड इलेक्ट्रॉन देतं, हवेतला ऑक्सिजन ते घेतो, आणि दोघं मिळून गंज तयार होतो. ऑक्सिजन हा घ्यायला फार पुढे असतो. आपल्या हवेचा साधारण पाचवा हिस्सा ऑक्सिजनच आहे. म्हणून सुरुवातीला शास्त्रज्ञांनी ऑक्सिजनशी संयोग होण्यालाच ऑक्सिडीकरण म्हटलं. हे नाव तेव्हापासून चिकटलं. पुढे कळलं की खरी गोष्ट इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची आहे, आणि ऑक्सिजन नसला तरी ती होऊ शकते.

गंजायला नुसती हवा पुरत नाही, ओलावाही लागतो. मीठ असेल तर काम आणखी भराभर होतं. म्हणून काल्हेर-कशेळीकडे खाडीकाठच्या घरांचे खिळे आणि बिजागऱ्या लवकर खराब होतात. विळ्याला आपण तेलाचा हात फिरवतो, तेव्हा आपण लोखंड आणि हवा-पाणी यांच्यामध्ये पडदा धरतो. घेणाऱ्याला देणाऱ्यापर्यंत पोचूच देत नाही.

छपराच्या पत्र्याची गंमत याहून वेगळी. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त हे लोखंडापेक्षा जास्त उदार. पत्र्यावर ओरखडा पडला आणि लोखंड उघडं झालं तरी आसपासचं जस्त आधी स्वतःचे इलेक्ट्रॉन देतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातल्या थोरल्या बहिणीसारखं. जस्त संपलं की मग मात्र लोखंडाची पाळी येते आणि पत्रा गंजू लागतो.

आता पैंजणाकडे येऊ. चांदी गंजत नाही, पण काळी पडते. हवेत आणि काही पदार्थांत गंधक असतं. गंधकाचा वास असलेल्या पाण्यात, अंडी-कांद्यापाशी किंवा रबराजवळ ठेवलेली चांदी लवकर काळवंडते. चांदीनं इलेक्ट्रॉन दिले आणि ती गंधकाशी जोडली गेली. तो काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. खऱ्या चांदीच्या ऑक्सिडाइज दागिन्यात कारागीर हेच मुद्दाम करतो. गंधकाच्या द्रावणात चांदी बुडवून ती काळी करतो. नाव ऑक्सिडाइज, पण त्या काळ्या थरात ऑक्सिजन नसतोच. आणि हो, बाजारात स्वस्तात मिळणारे बरेचसे ऑक्सिडाइज दागिने चांदीचेही नसतात. दुसऱ्या धातूला तशी काळी झाक दिलेली असते. घेताना विचारून घ्या.

काळं पडलेलं पैंजण आपण राखेनं नाही तर टूथपेस्टनं घासतो. चमक येते, पण त्या काळ्या थराबरोबर त्यात अडकलेली चांदीही निघून जाते. वर्षानुवर्षं घासलेलं पैंजण वजनात भरत नाही ते यामुळेही. त्याऐवजी एक करून पाहा. स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल पसरा. पैंजण तिला टेकेल असं ठेवा. वर दोन चमचे खाण्याचा सोडा आणि थोडं मीठ घाला. मग उकळतं पाणी हळूहळू ओता. सोडा फसफसतो, म्हणून भांडं मोठं घ्या आणि तोंड लांब ठेवा. थोड्या वेळात सडक्या अंड्यासारखा हलका वास येईल आणि काळेपणा जाईल.

काय झालं? ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन द्यायला तयारच असतं. त्यानं ते काळ्या थरातल्या चांदीला दिले. चांदी पुन्हा चांदी झाली आणि जागच्या जागी राहिली. गंधक सुटलं, त्याचाच तो वास. चांदीचं क्षपण झालं आणि ॲल्युमिनियमचं ऑक्सिडीकरण. फॉइल निस्तेज दिसेल, कारण देणारी तीच होती. हे काम हवेशीर जागी करा. मात्र खडे, मोती, मीना किंवा लाख असलेल्या दागिन्याला ही पद्धत वापरू नका. मुद्दाम ऑक्सिडाइज केलेल्या नक्षीलाही नको, सगळी नक्षी पांढरी होऊन जाईल.

आता आपल्या भिवंडीच्या कापडाकडे वळू. आपल्याकडच्या यंत्रमागांवर निघतं ते बहुतेक कोरं कापड. पुढे ते रंगायला जातं. काही पक्के रंग असे असतात की ते पाण्यात विरघळतच नाहीत. आपली जुनी नीळ, म्हणजे जीन पँटचा निळा रंग, तसाच. जो विरघळत नाही तो धाग्यात शिरणार कसा? इथं देणं-घेणं कामाला येतं. रंगाच्या हौदात कॉस्टिक आणि 'हायड्रो' नावाची पांढरी पावडर घालतात. तिचं पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. ही पावडर मोठी देणारी आहे. ती निळीला इलेक्ट्रॉन देते. नीळ मग निळी राहत नाही, पिवळट हिरवी होते आणि विरघळते. सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की पिवळट हिरवंच दिसतं. मग बघता बघता हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत घेतो आणि सूत निळं होतं. रंग धाग्याच्या आत अडकतो आणि पक्का होतो. आधी क्षपण, मग ऑक्सिडीकरण.

पण जी पावडर इतकी सहज देते, तिला सांभाळावंही लागतं. हायड्रोच्या डब्यात ओल गेली की ती आपोआप तापते, धुमसते, पेटही घेते आणि घसा आवळणारा धूर सोडते. आपल्या तालुक्यात पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या पट्ट्यात गोदामंच गोदामं आहेत. गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या आपण वरचेवर ऐकतो. आपल्यातल्या कित्येक जणी तिथं कामाला जातात. म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली. गोदामात कुठला माल आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डब्यावर ज्वाळेचं चित्र असेल तर तो पेट घेणारा माल. गोलावर ज्वाळा असं चित्र असेल तर तो इलेक्ट्रॉन घेणारा, आग भडकवणारा माल. हे दोन प्रकार शेजारी शेजारी रचलेले दिसले तर मुकादमाला सांगा आणि तिथं थांबू नका.

दुसरी. रसायनाच्या डब्यातून धूर येताना दिसला तर बादलीभर पाणी मारायला धावू नका. हायड्रोसारख्या पावडरीवर थोडं पाणी पडलं तर ती अधिकच भडकते. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेला लांब जा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

तिसरी गोष्ट घरातली. भंगारातून निळे ड्रम स्वस्तात मिळतात आणि पाणीटंचाईत आपण ते पाणी साठवायला आणतो. आत काय होतं हे कुणी सांगत नाही. धुतलेला ड्रम स्वच्छ दिसतो, वासही येत नाही, पण काही रसायनं प्लास्टिकमध्ये मुरतात आणि हळूहळू पाण्यात उतरत राहतात. रसायनाचा ड्रम पिण्याच्या पाण्याला कधीही वापरू नका. खाद्यपदार्थांसाठी बनवलेला नवा ड्रम थोडा महाग पडतो, पण दवाखान्यापेक्षा स्वस्तच.

आता विहिरीकडे चला. पावसाळ्यात ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. काही गावांत हे काम जलसुरक्षक करतात, कुठं आपल्या गटातल्या बायकाच करतात. टीसीएल ही जबरदस्त घेणारी आहे. पाण्यातल्या जंतूंच्या अंगातून ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. त्यांचं आवरण फुटतं, त्यांची कामं बंद पडतात आणि ते मरतात. जुलाब आणि कावीळ यांपासून आपली लेकरं वाचतात ती या ऑक्सिडीकरणामुळे. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, कारण या कामाला वेळ लागतो. नंतर ओटी टेस्ट करतात, त्यात पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरिन शिल्लक आहे. तो पिवळा रंगही देण्या-घेण्यातूनच येतो.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो. पोतं उघडं राहिलं किंवा ओल लागली की त्याची ताकद उडून जाते. मग पावडर टाकूनही पाणी शुद्ध होत नाही, आणि आपण समजतो की काम झालं. म्हणून टीसीएल कोरड्या, सावलीच्या जागी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. तिच्या शेजारी रॉकेल, तेल, साखर किंवा खत ठेवू नका. घेणाऱ्याच्या शेजारी असे देणारे ठेवले तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

आता नीट ऐका, कारण आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. शौचालय साफ करताना बऱ्याच जणी ॲसिड टाकतात आणि डाग निघत नाहीत म्हणून वर टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर टाकतात. दोन औषधं एकत्र केली की दुप्पट स्वच्छ होईल, असं वाटतं. पण ॲसिडातला क्लोरिन इलेक्ट्रॉन देतो, पावडरीतला क्लोरिन ते घेतो, आणि दोघं मिळून क्लोरिन वायू तयार होतो. हिरवट पिवळा, नाकात झोंबणारा. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं हाच वायू शत्रूवर सोडला होता आणि माणसं गुदमरून मेली होती. लढाईत वापरलेला वायू आपण दार बंद केलेल्या चार बाय चारच्या शौचालयात, वाकून, स्वतःच्या नाकासमोर तयार करायचा का?

म्हणून ॲसिड आणि टीसीएल कधीही एकत्र करू नका. एकामागून एकही टाकू नका. दोन्ही बाटल्या-डबे एका फळीवर ठेवू नका. चुकून एकत्र झालंच आणि खोकला, डोळ्यांत जळजळ सुरू झाली, तर सगळं तिथंच टाकून मोकळ्या हवेत या. पुन्हा आत बादली आणायला जाऊ नका. डोळे झोंबत असतील तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा. दम लागत असेल तर १०८ ला फोन करा. आता बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनंतरही वाढू शकतो. शाळेत, दवाखान्यात, गोदामात सफाईचं काम करणाऱ्या आपल्या बहिणींना हे आजच सांगा.

आता शेवटची गोष्ट, आणि ही चांगली आहे. ती आपल्या ताटातली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आता हे ऐकणाऱ्या दर दोघींपैकी एक तरी. थकवा येतो, धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो की कामच जास्त आहे. रक्त तयार व्हायला लोह लागतं. माठ, शेवग्याचा पाला, टाकळा, नाचणी, हरभरा यांत लोह आहे. मग खाऊनही ते अंगी का लागत नाही?

भाजी-धान्यातलं बरंचसं लोह अशा रूपात असतं की त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. आपलं आतडं त्या रूपातलं लोह सहज आत घेत नाही. त्याला तो एक इलेक्ट्रॉन दिला की दार उघडतं. हे देण्याचं काम लिंबू आणि आवळा करतात. त्यांच्यातलं क जीवनसत्त्व मोठं देणारं आहे. ते लोहाचं क्षपण करतं आणि लोह रक्तात जायला तयार होतं. म्हणून पालेभाजीवर जेवतानाच लिंबू पिळा. आधी नको, कारण शिजवताना उष्णतेनं क जीवनसत्त्व नासतं. पिळून तासन्‌तास ठेवलेला रसही नको, कारण हवेतला ऑक्सिजन आधीच त्याच्याकडचं घेऊन जातो. घेणारा तिथंही टपलेलाच असतो. लिंबू महागलं तर आवळ्याची फोड किंवा कच्ची कैरी चालेल. एक पेरूही पुरे.

जेवण झाल्या झाल्या चहा मात्र टाळा. चहातले तुरट पदार्थ लोहाला धरून ठेवतात. तास-दोन तासांनी घ्या.

आशाताई देतात त्या लोहाच्या लाल गोळीतलं लोह आधीच आतड्याला चालेल अशा रूपात असतं. हवा लागून ते बदलू नये म्हणून गोळ्या पाकिटातच ठेवा, डब्यात सुट्या ओतू नका. गरोदर बाईनं चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, १८० दिवस घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळीमुळे शी काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. मळमळ होत असेल तर आशाताईंना विचारून वेळ बदला. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. चहाबरोबर मुळीच नको.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामं करा. एकीचं काळं पैंजण फॉइल आणि सोड्यानं सगळ्यांसमोर साफ करा, म्हणजे क्षपण डोळ्यांनी दिसेल. गावातलं टीसीएल कुठं आणि कसं ठेवलंय ते जाऊन बघा. आणि आपापल्या घरात ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडर शेजारी असतील तर त्या दिवशीच वेगळ्या करा.

कुठलीही दोन रसायनं एकत्र करण्याआधी स्वतःला विचारा, यातला देणारा कोण आणि घेणारा कोण? उत्तर माहीत नसेल तर एकत्र करू नका. वहीत नोंद नसलेला व्यवहार आपण गटात करत नाही, तो घरात तरी कशाला करायचा?